ठोकेमास्तर

ठोकेमास्तरांनी माझ्यादेखत कॉम्प्युटरचे सात माऊस फोडले, एक हेडफोन पायाखाली चिरडला आणि एका नवरदेवाच्या थोबाडीत ठेवून दिली. नवरदेव हौशी होता. आपल्या वरातीत आपल्याच आवाजातलं गाणं वाजावं म्हणून रेकॉर्डिंगला आला होता आणि चार वेळा एकाच ओळीवर घसरला होता. मास्तर खुर्चीतून उठले, माइकपाशी गेले, एक सणसणीत लगावली आणि परत येऊन बसले. "आता म्हण," म्हणाले. पाचव्या वेळी तो सुरात गायला. बाहेर बसलेल्या मित्रांना त्याने सांगितलं की आत फार गरम होतं, म्हणून गाल लाल झाला.

ठोके हे त्यांचं आडनाव नव्हे. नाव मधुकर थूल. गाण्यातल्या प्रत्येक तालाच्या आघाताला ते ठोका म्हणत, आणि माणसांनाही ठोकत, त्यामुळे हे नाव त्यांना दोन्ही बाजूंनी बसलं. आमच्याकडे ठोके आडनावाची माणसं आहेतही, म्हणून लग्नपत्रिका यायच्या त्यावर सरळ 'श्री. ठोके सर' असं लिहिलेलं असायचं. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. फोन उचलला की "जय भीम", आणि ठेवताना काहीच नाही, मध्येच बंद.

वर्ध्याजवळ पिपरी मेघेत एका पिठाच्या चक्कीच्या मागे त्यांची खोली होती. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गाद्या ठोकलेल्या. चक्की सुरू झाली की रेकॉर्डिंग बंद, चक्की थांबली की कूलर बंद करून रेकॉर्डिंग सुरू. मिक्सरवर कायम पिठाचा पातळ थर असायचा आणि मास्तर दर तासाला त्यावर फुंकर मारायचे. वय साठीकडे झुकलेलं, अंगाने वाळलेले, आणि मागच्या खिशात साइड-ड्रमची अर्धी मोडकी काडी. ती काडी आणि त्यांचा हात यांतलं काय जास्त लागतं, यावर गाणी करून घेणाऱ्यांत मतभेद होते.

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त घ्यायचं, नळ्या फिरवायच्या, रिपोर्ट टाइप करायचे. ड्यूटी संपल्यावर लॅपटॉपवर बीट बनवायची सवय लागली होती. सगळं व्हिडिओ बघून शिकलेले, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असाच समज. माझ्या आत्याने गायलेल्या एका हळदीच्या गाण्याखाली मी ठोका टाकला होता, बेस टाकला होता, आणि आत्याचा आवाज कानात असा पसरवला होता की इयरफोन घातला की ती डोक्याच्या दोन्ही बाजूंनी गायची. मला रडू यायचं ते ऐकून. हेच घेऊन मी पहिल्यांदा मास्तरांकडे गेले.

त्यांनी गाणं लावलं, डोकं वाकडं करून उजवा कान पुढे केला आणि मिक्सरवरचं एक बटण दाबलं. ठोका चालू राहिला, बेस चालू राहिला आणि आत्या गायब झाली. नावालासुद्धा उरली नाही.

"बाई कुठं गेली?" मास्तरांनी विचारलं.

मी म्हणाले, तुमचं बटण खराब आहे.

त्यांनी टेबलावरचा माऊस उचलून समोरच्या भिंतीवर मारला. माझ्यासमोरचा तो पहिला माऊस. मग बटण सोडलं, आत्या परत आली. बटण दाबलं, आत्या गेली. "तू मारून टाकली तिले," ते म्हणाले. "आपल्या हातानं. अन् कानात इयरफोन घालून रडून राह्यली."

माझी चूक अशी होती. आवाज रुंद वाटावा म्हणून एका व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे मी डाव्या कानात तो सरळ ठेवला होता आणि उजव्या कानात उलटा केला होता. वेगवेगळं ऐकलं तर दोन्ही भरपूर. पण दोन्ही बाजू एकाच तारेत मिसळल्या की सरळ आणि उलटा एकमेकांना खाऊन टाकतात आणि शून्य उरतं. ते बटण दोन्ही बाजू एकत्र करायचं. त्याला मोनो म्हणतात. वरातीच्या गाड्यांवरच्या स्पीकरच्या सगळ्या खोक्यांना एकच तार असते, तिथे डावं-उजवं काही नसतं. माझी आत्या इयरफोनमध्ये जिवंत होती आणि रस्त्यावर मेलेली होती.

मास्तरांना ही चूक लगेच कळली, कारण त्यांना स्वतःलाच कित्येक वर्षं मोनोच ऐकू येत होतं. डावा कान गेलेला होता. ती हकीकत ते स्वतः, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता, दुसऱ्याची असल्यासारखी सांगायचे. एकोणीस वर्षांचे असताना ते मोठ्या भावाच्या बँड पार्टीत साइड-ड्रम वाजवायचे. सेलूकडच्या एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरताना त्यांचा एक ठोका चुकला. भावाने क्लॅरिनेट डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताने कानावर मारली. रक्त मानेवरून युनिफॉर्मच्या कॉलरपर्यंत आलं. युनिफॉर्म लालच होता, त्यामुळे कोणाला कळलं नाही. मांडवापर्यंत त्यांनी वाजवलं.

"त्या थापडीनं मले मोनो केलं," ते म्हणायचे. "मले जे आयकू येते, तेच रस्त्यावर वाजते."

हे सांगताना त्यांना भावाचा राग आलेला मी कधी पाहिला नाही, आणि माझं डोकं तिथेच फिरायचं. तुमचा कान फुटला आणि तुम्ही त्याचं कौतुक काय करता, असं मी एकदा विचारलं. त्यावर ते म्हणाले की भावाने मारलं नसतं तर ते आज भाजी विकत बसले असते. मार खाऊन शिकलेल्या माणसाला मार हीच विद्या वाटते. मास्तरांनी ती विद्या हातचं न राखता वाटली.

मला त्यांनी थोबाडीत कधी मारलं नाही. एकदा काडीने बोटांवर मारलं. एकाच वेळी ढोलकी, कीबोर्ड, बासरी, तीन प्रकारच्या टाळ्या असं सगळं मी एका कडव्यात कोंबलं होतं. काडी अशी बसली की करंगळी काळीनिळी झाली, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सुई धरता येईना. मी समोरचा स्टीलचा ग्लास उचलला आणि त्यांच्या दिशेने भिरकावला. तो कपाळाला लागून खाली पडला. कपाळावर टेंगूळ आलं. मला वाटलं आता संपलं. मास्तरांनी टेंगूळ चाचपलं आणि हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर मला "लॅबवाली" हे नाव पडलं आणि काडी परत माझ्यावर आली नाही. टेबलावर मात्र रोज आपटायची.

शिकवण्याची पद्धत म्हणजे शिव्या आणि एक शब्द. शब्द होता 'सरक'. पवनारकडे जाणाऱ्या बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येऊन म्हणतो ना, "सरका थोडं", तसं. मास्तर वाद्यांशी थेट बोलायचे. कीबोर्ड ढोलकीच्या अंगावर यायला लागला की कीबोर्डाला म्हणायचे, "सरक बे, तिची सीट हाय ते." बेस फार फुगला की, "पाय जवळ घे." मग मिक्सरवरची त्या वाद्याची पट्टी, फेडर, खाली. मी पहिल्यांदा हे ऐकून फिदीफिदी हसले, पण सहा महिन्यांत मीही एकटी असताना लॅपटॉपला "सरक" म्हणायला लागले. मिक्सिंग म्हणजे आवाज वाढवणं नव्हे, कोणी कोणासाठी किती सरकायचं ते ठरवणं, एवढंच त्यांनी मला शिकवलं, आणि एवढं पुरलं. खर्ऱ्याचंही उदाहरण असायचं: सुपारी जास्त तर दात जातात, चुना जास्त तर तोंड जातं, म्हणून घोटत बसायचं. माणसांच्या बाबतीत मात्र सरकणं त्यांना ठाऊक नव्हतं. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. मुलगी भंडाऱ्याकडे दिली होती, ती वर्षातून एकदा यायची आणि बापापासून हाताच्या अंतरावर बसायची.

आता त्या गाण्याकडे यायला हवं.

विक्की नावाचा एक डीजेवाला होता. मिनी ट्रकवर बारा खोकी, पुढे दिव्यांची कमान. वर्ध्यात त्याच्या गाडीचा दरारा होता, बाकीचे डीजेवाले त्याची गाणी चोरून वाजवायचे. तो लग्नसराईआधी मास्तरांकडे आला आणि म्हणाला, असं गाणं द्या की वरात पेटली पाहिजे. मास्तरांनी एका दुपारी ते केलं. मी तिथेच होते. जड ठोका, त्यावर पोरांचा गलका, गलका वाढत वाढत जातो, मग सगळं एकदम बंद. एक ठोका शांतता. आणि मग वीस जणांचा एकच आवाज: "हाण." त्याखाली असा बेस की पोटात धक्का बसतो.

मास्तरांनी शांतता एकाच ठोक्याची ठेवली होती. मी म्हणाले, "अजून थांबवा मास्तर. चार ठोके थांबवा. माणसं कासावीस झाली पाहिजेत."

त्यांनी तसं करून पाहिलं. चार ठोके काहीच नाही, आणि मग "हाण." चक्कीच्या भिंतीवरचं पीठ खाली आलं. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "शिकली पोट्टी." वर्षभरात त्यांच्या तोंडून मला मिळालेली ती एकच शाबासकी. मी ती घरी जाऊन आत्याला सांगितली.

गाणं गाजलं. सेलूच्या वरातीत त्यावर मारामारी झाली, दोघांची डोकी फुटली. हिंगणघाटकडच्या वरातीत कमरेचे पट्टे निघाले. लोक हसून सांगायचे की 'हाणवालं' लागलं की चप्पल सांभाळा. मास्तर खूश. आलेल्या गेलेल्याला सांगायचे की आपलं गाणं नुसतं नाचवत नाही, भिडवतं. मीही हसत होते, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात एका दुपारी लॅबच्या खिडकीशी रक्ताचा नमुना आला. वरातीत भोसकलेला पोरगा होता, तेवीस वर्षांचा, नवरदेवाचा मामेभाऊ. चार पिशव्या रक्त लागणार होतं. मी त्याचं रक्त दात्यांच्या रक्ताशी जुळवत होते आणि खिडकीबाहेर त्याचा काका कोणालातरी फोनवर सांगत होता, "हाणवालं लागलं अन् पोट्टे भिडले, कोनी कोनाले मारलं काई समजलं नाई." दोन पिशव्या गेल्या. तिसरी द्यायला मी उठले तेव्हा वरच्या वॉर्डातून फोन आला की आता नको. मी ती पिशवी परत फ्रीजमध्ये ठेवली. 

काकाच्या मोबाइलवर व्हिडिओ होता. मी तो माझ्या मोबाइलवर मागून घेतला. संध्याकाळी मास्तरांसमोर धरला.

मास्तरांनी मोबाइल उजव्या कानाला लावून आधी नुसता ऐकला. मग पाहिला. मग परत ऐकला. गलका वाढतो, बंद होतो. चार ठोके. त्या चार ठोक्यांत व्हिडिओतली पोरं हात वर करून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत, श्वास रोखून उभी आहेत. "हाण" येतो आणि सगळे हात एकदम खाली येतात. त्या हातांपैकी एकात चाकू होता. मास्तर काडीने मांडीवर मोजत होते. एक, दोन, तीन, चार. अकरा वेळा त्यांनी ते पाहिलं. मी मोजलं, कारण मला दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं.

"त्याईचा हात मी उचलला," ते म्हणाले. "अन् मीच खाली आनला."

मी म्हणाले की चार ठोके माझे होते.  मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, आणि टेबलावरचा नवा माऊस हातात घेऊन तसाच परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विक्कीला फोन करून सांगितलं की ते गाणं वाजवू नकोस. विक्की हसला. म्हणाला, मास्तर, आता तर सगळे तेच मागतात, पोरगा मेल्यापासून जास्त मागतात. मास्तरांनी फोन ठेवला, खूप वेळ खर्रा घोटला आणि मग मला विचारलं, "तुझी मेलेली बाई आठवते?"

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं: आत्यासारखंच 'हाण'ला गायब करायचं.

ते काम त्यांना एकट्याला जमणारं नव्हतं. एका कानाच्या माणसाला डावं-उजवं कसं कळणार? म्हणून खुर्चीवर मी बसले आणि ते मागे उभे राहिले. जी चूक केल्याबद्दल त्यांनी माऊस फोडला होता, तीच चूक मी आता जाणूनबुजून, मन लावून केली. 'हाण' आणि त्याखालचा बेस डावीकडे सरळ ठेवला, उजवीकडे उलटा केला. हेडफोनवर ऐकलं तर तो पूर्वीपेक्षा भयंकर, डोक्यातून आरपार जाणारा. मोनोचं बटण दाबलं की नाहीसा. मग मास्तर म्हणाले की सीट रिकामी राहिली तर पोट्टे आपलीच 'हाण' म्हणतील, तिथे कोणाला तरी बसव. मी आत्याची ओळ त्या जागी ठेवली, दोन्ही बाजूंना सरळ. हेडफोनवर ती 'हाण'च्या खाली दबलेली, ऐकूच येत नव्हती. मोनोमध्ये ती एकटी उरत होती: 'हळू लावा वो हळद, लेकरू माझं कवळं.'

विक्कीला बोलावून मास्तरांनी हेडफोन दिला. गाणं आणखी जड केलंय, म्हणाले. विक्कीने डोळे मिटून ऐकलं आणि 'हाण' आल्यावर खुर्चीतून उडाला. जुनं पुसून नवं घेऊन गेला. बाकीचे सगळे विक्कीचंच चोरतात, तेव्हा आठवड्याभरात तेच सगळीकडे जाईल, असा मास्तरांचा हिशेब होता.

ते पहिल्यांदा वाजलं केळझरला, दुपारी चारच्या उन्हात. मी आणि मास्तर लांब एका झाडाखाली उभे होतो. गलका चढला. पोरांनी कमरेचे पट्टे काढून हातात गुंडाळले. सगळं बंद झालं. हात वर गेले. मास्तर मांडीवर मोजत होते आणि मी ओठ चावत होते. तिसऱ्या ठोक्याला एकाने दुसऱ्याची कॉलर धरली.

आणि बारा खोक्यांतून माझी आत्या गायला लागली.

कोणाला काय करावं ते समजेना. हात वरच राहिले. विक्की गाडीवर तारा उपटून पाहत होता, त्याला वाटलं मशीन बिघडलं. कॉलर धरणारा पोरगा वर स्पीकरकडे बघत होता. तेवढ्यात वरातीच्या मागच्या टोकाला चालणाऱ्या बायकांनी पुढची ओळ उचलली, कारण ती त्यांना सकाळीच म्हणून झाली होती. पोरं हसायला लागली. कॉलर धरणाऱ्याने हातातला पट्टा परत कमरेला लावायला घेतला, तर त्याला भोक सापडेना, म्हणून ज्याची कॉलर त्याने धरली होती तोच खाली वाकून बघू लागला.

"सरकला," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायची त्यांना लाज वाटत नव्हती.

विक्कीला लोक 'हळदवाला डीजे' म्हणायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो दोन माणसांसह आला. दिव्यांच्या कमानीचा लोखंडी पाइप हातात होता. चक्की चालू होती, त्यामुळे पुढचं काही बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही. आधी त्यांनी स्पीकर फोडले, मग मिक्सर. मास्तर उभे होते. ज्या माणसाने बेसूर नवरदेवाला सोडलं नाही, त्याने दोन्ही हात खिशात घातले. मी ओरडत होते, मास्तर मारा त्याला, मारा. त्यांनी हात बाहेर काढले नाहीत. पहिला पाइप खांद्यावर बसला, दुसरा बरगडीत, ते गुडघ्यावर आले. तिसरा उजव्या कानामागे बसला आणि ते पिठात आडवे झाले. कानातून रक्त आलं. या वेळी शर्ट पांढरा होता.

मी माइकचं स्टँड उचललं. त्याला खाली बिडाची जड चकती असते. ती दोन्ही हातांनी फिरवून विक्कीच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचं मला हाताला कळलं. तो खाली बसला तेव्हा मी परत उचललं, आणि ते दोघे मध्ये आले नसते तर डोक्यात घातलं असतं. एक, दोन, तीन, चार असं मीही मोजत होते. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही, आणि त्याची मात्र भीती वाटते.

पोलीस हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा मास्तरांनी सांगितलं की शिडीवरून पडलो. मी भडकले. त्यांना आता काहीच ऐकू येत नव्हतं, उजवा कानही गेला होता, म्हणून मी रिपोर्टच्या कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: काऊन? असं का सांगितलं? त्यांनी वाचलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मी ज्याले ज्याले ठोकलं, त्यातल्या एकानं तरी रिपोट देली का? मंग मी कोन्या तोंडानं देऊ?" मला हे पटलं नाही. 'कोनी कोनाले मारलं काई समजलं नाई' म्हणणारा, भोसकलेल्या पोराचा काका डोळ्यांसमोर होता. पण विक्कीनेही माझं नाव घेतलं नाही, आणि मीही गप्प बसले, तेव्हा मला बोलायचा अधिकार राहिला नाही.

खोली बंद झाली. तिथे आता चक्कीवाला पोती ठेवतो. गाण्याचं मात्र भलतंच झालं. बायका लग्नात 'हळदवालं लावा' म्हणून मागायला लागल्या आणि विक्कीला, हात गळ्यात बांधून, ते वाजवावं लागलं. जुनं 'हाण'ही कुठेकुठे उरलं होतंच. देवळीकडे एका वरातीत डोकं फुटलं, तो नमुनाही माझ्याकडेच आला. कुठल्या गाडीवर कुठलं गाणं आहे हे वाजेपर्यंत सांगता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, दिवस कलता असताना, मी मास्तरांच्या घरी गेले होते. मुलगी त्यांना न्यायला आली होती, सामान बांधलेलं होतं. बापाच्या शर्टाची बटणं ती लावून देत होती, हाताच्या अंतरावरून नव्हे. रस्त्याने वरात येत होती. मास्तर उठून फाटकाशी गेले आणि लोखंडी फाटकावर तळहात टेकून उभे राहिले. मी शेजारी जाऊन उभी राहिले. गाडी जवळ आली तसं फाटक थरथरायला लागलं. तेच गाणं होतं. गलका चढत होता. मास्तरांच्या बोटांना सगळं कळत होतं, फक्त कोणतं आहे ते कळणार नव्हतं.

सगळं बंद झालं. हात वर गेले. मास्तरांनी दुसऱ्या हाताने मांडीवर मोजायला सुरुवात केली, काडी नव्हती, नुसतं बोट. एक, दोन, तीन, चार. जुनं असतं तर फाटक हादरलं असतं.

फाटक हललं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या रस्त्यावर गात होती आणि ते त्यांना कधीच ऐकू येणार नव्हतं, म्हणून मी त्यांच्याकडे तोंड करून, ओठ मोठे करून, तिच्याबरोबर म्हटलं. हळू लावा वो हळद. ते माझे ओठ वाचत राहिले. मग ठोका परत आला, फाटक पुन्हा थरथरलं आणि मास्तरांनी हात उचलला. मी जुन्या सवयीने मान खाली घातली. त्यांनी माझ्या डोक्यावर एक टपली मारली, अगदी हळू, आणि ती नेमकी समेवर पडली.